पोलादी स्नेअर : कमी खर्चात खणखणीत नाद

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील बँड असो, चर्चमधील वाद्यवृंद असो की हौशी मंडळींचा ऑर्केस्ट्रा. ड्रमवादनाला सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा पाच ड्रमचा तयार संच येतो. या संचातील बास ड्रम आणि टॉम बराच काळ निभावून नेतात. परंतु हात थोडा बसला, लय स्थिर झाली, की वादकाच्या कानाला एक वाद्य खुपू लागते. ते म्हणजे दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवलेला ‘स्नेअर ड्रम’. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा त्याचा फटका हा पाश्चात्त्य धाटणीच्या बहुतेक गाण्यांचा कणा असतो. तोच पोकळ वाजला, तर उरलेला संच कितीही चांगला असला तरी गाणे उभे राहत नाही. म्हणूनच संपूर्ण संच बदलण्यापूर्वी वादक स्वतंत्रपणे विकत घेतो तो स्नेअर. शिकवणीच्या किंवा पहिल्या नोकरीच्या पैशांतून शिल्लक टाकून केलेली ही खरेदी असते आणि ती फसली तर पुढची संधी वर्ष-दोन वर्षे येत नाही.

मेपलच्या किंवा पितळेच्या नामांकित स्नेअरची किंमत ऐकून अशा खरेदीदाराची पावले आपोआप पोलादी स्नेअरकडे वळतात. ‘स्वस्त आहे म्हणून घ्यायचा का?’ हा प्रश्न मग त्याला छळतो. त्याचे उत्तर असे की, कमी किमतीच्या स्नेअरमध्ये पोलाद ही तडजोड नसून बऱ्याचदा सर्वांत शहाणपणाची निवड असते. मात्र वाद्याची पारख करताना चकाकणाऱ्या कवचावर नजर न खिळवता ती इतरत्र वळवावी लागते.

शाळेच्या बँडपथकात गळ्यात अडकवून वाजवला जाणारा ‘साइड ड्रम’ अनेकांना आठवत असेल. स्नेअर हा त्याचाच भाऊबंद. उथळ, गोल कवच, त्याच्या वर आणि खाली ताणलेले पातळ प्लॅस्टिकचे पडदे (ढोल-ताशा पथकांत ज्याला ‘पान’ म्हणतात आणि ड्रमवादक ज्याला ‘हेड’ म्हणतात), आणि खालच्या पानाला चिकटून बसलेल्या वळणदार बारीक तारांचा पट्टा, अशी त्याची रचना. वरच्या पानावर काठी पडताच आतील हवा खालच्या पानाला ढकलते, ते पान तारांवर आपटते आणि तो सर्वपरिचित ‘चर्र’ असा कडक नाद उमटतो. या तारांनाच इंग्रजीत स्नेअर म्हणतात. पूर्वी त्या आतड्याच्या असत. बाजूचा खटका ओढून तारा सैल केल्या की हेच वाद्य एखाद्या उंच स्वराच्या टॉमसारखे वाजू लागते. ताशाला अशा तारा नसतात. पण त्याची कडकड आणि चढा स्वर ज्यांच्या कानात बसला आहे, त्यांना पोलादी स्नेअरचा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही.

पोलादी स्नेअर स्वस्त का, हे कळले की निम्मी भीती जाते. मेपलचे कवच घडवताना लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यात एकमेकांवर चिकटवावे लागतात, ते सुकू द्यावे लागतात, नंतर घासून त्यांची कड विशिष्ट कोनात कातरावी लागते. यात लाकूड महाग, वेळ अधिक आणि चूक होण्याच्या जागाही अधिक. पोलादाचे तसे नाही. साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा वर्तुळाकार वाकवायचा, सांधा वितळवून जोडायचा, दोन्ही कडा दुमडायच्या, मध्यभागी बळकटीसाठी एक उठावदार पट्टी काढायची आणि वर क्रोमचा मुलामा द्यायचा. पत्र्याच्या वस्तू घडवणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या अंगवळणी पडलेले हे काम आहे. पितळ हा मुळात पोलादापेक्षा महाग धातू. त्यात त्याचे बिनसांध्याचे कवच घडवायचे तर मजुरी आणखी वाढते. म्हणजे पोलादी स्नेअर स्वस्त असतो तो प्रामुख्याने कच्च्या मालामुळे आणि सोप्या घडणीमुळे. उलट, कमी किमतीत मिळणारा लाकडी स्नेअर स्वस्त करण्यासाठी लाकडाच्या प्रतीत आणि कडेच्या कातकामात काटकसर झालेली असण्याचा संभव अधिक. रेड हॉट चिली पेपर्सचा ड्रमवादक चॅड स्मिथ याच्या नावाने पर्ल कंपनीने बाजारात आणलेला १४ बाय ५ इंचांचा स्नेअर काळ्या निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचाच आहे.

आता नादाविषयी. पोलाद कडक असते आणि कंपने फारशी शोषून घेत नाही. त्यामुळे पानातून उठणारे वरचे उपस्वर लवकर विरत नाहीत. फटका तीक्ष्ण, उजळ आणि मोठा ऐकू येतो व त्यामागे एक लांबट झणकार रेंगाळतो. पितळेत हाच नाद थोडा गडद आणि भरदार होतो, ॲल्युमिनियममध्ये कोरडा आणि आटोपशीर, तर लाकडात उबदार. अर्थात, हा फरक सांगताना विक्रेते जेवढा रंग भरतात तेवढा तो ठळक नसतो. एकाच स्नेअरवर दोन वेगळी पाने चढवली तर पडणारा फरक हा कित्येकदा दोन धातूंमधील फरकापेक्षा मोठा असतो.

खरेदीदार हमखास फसतो तो या झणकारापाशी. दुकानातील शांत, फरशी-काचेच्या खोलीत खुर्चीवर बसून, कान वाद्यापासून दोन-अडीच फुटांवर ठेवून त्याने फटका मारला की पोलादी स्नेअर थाळी वाजल्यासारखा घुमतो आणि ‘हा फार वाजतो’ असा शेरा मारून तो शेजारचा मवाळ आवाजाचा स्नेअर उचलतो. पुढे बँडसोबत वाजवताना लक्षात येते की गिटार, बास आणि झांजांच्या गदारोळात तो मवाळ स्नेअर पार बुडून जातो. एकट्याने ऐकताना नकोसा वाटणारा झणकार वाद्यमेळात इतर स्वरांखाली झाकला जातो आणि उरतो तो फक्त धारदार फटका, जो हवाच असतो. म्हणून वाद्य पाहायला जाताना सोबत एखादा वादक मित्र न्यावा. त्याला वाजवायला सांगावे आणि स्वतः पंधरा-वीस फुटांवर उभे राहून ऐकावे. श्रोत्यांना जे ऐकू येणार आहे ते तिथूनच कळते. त्यानंतरही झणकार अधिक वाटला, तर पानाच्या कडेला चिकटपट्टीची छोटी घडी लावावी, किंवा जुन्या फाटक्या पानातून इंचभर रुंदीचे कडे कापून ते नव्या पानावर ठेवावे. झणकार कमी करणे हे असे चार आण्यांचे काम आहे. जो नाद वाद्यात मुळातच नाही तो मात्र कोणत्याही उपायाने आणता येत नाही.

मेटालिकाच्या २००३ मधील ‘सेंट अँगर’ या संग्रहात लार्स उलरिकने तारा सैल सोडून स्नेअर वाजवला आणि त्या डबा बडवल्यासारख्या आवाजावर रसिकांनी आजतागायत टीका केली आहे. झणकाराला तारांची साथ किती आवश्यक असते, हे ज्यांना ऐकून समजून घ्यायचे असेल त्यांनी तो संग्रह जरूर ऐकावा.

जुन्या बाजारातून खरेदी करताना आणखी एक घोटाळा संभवतो. क्रोमचा मुलामा चढला की पोलाद, पितळ आणि ॲल्युमिनियम हे तिन्ही सारखेच दिसतात. लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमचा ‘लुडविग सुप्राफोनिक’ अनेकांना पोलादी वाटतो. प्रत्यक्षात त्याचे कवच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. तेव्हा खिशात एक साधे लोहचुंबक ठेवावे आणि ते कवचालाच लावून पाहावे. कडे लावून उपयोग नाही, कारण कडे पोलादीच असण्याची शक्यता अधिक. चुंबक घट्ट चिकटले तर पोलाद. स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चुंबकाला दाद देत नाहीत, पण स्वस्त स्नेअरमध्ये ते सहसा आढळत नाहीत. चुंबक चिकटले नाही आणि वाद्य हाताला हलके लागले, तर तो ॲल्युमिनियमचा स्नेअर असण्याचा संभव आहे आणि पोलादाच्या भावात तो मिळत असेल तर खुशाल घ्यावा. लुडविगचाच ‘ॲक्रोलाइट’ हा ॲल्युमिनियमचा स्नेअर १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकला जात होता. पुढे व्यावसायिक वादकांनीच तो आपलासा केला.

आकाराबाबत फार खल करण्याचे कारण नाही. व्यास १४ इंच हाच सर्वमान्य; त्या मापाची पाने आणि तारा सर्वत्र मिळतात. खोली पाच किंवा साडेपाच इंच असेल तर वाद्य चपळ राहते, साडेसहा इंच असेल तर आवाजाला पोट येते. एकच स्नेअर परवडणार असेल आणि सर्व प्रकारची गाणी वाजवायची असतील, तर साडेपाच इंच हा मधला मार्ग बरा. तेरा किंवा बारा इंची लहान स्नेअर दिसायला आकर्षक, पण ते दुसरा स्नेअर म्हणूनच शोभतात.

खरी पारख होते ती वाद्य उघडल्यावर. विक्रेता तयार असेल तर दोन्ही पाने उतरवून घ्यावीत. नवीन वाद्यासाठी दुकानदार कुरकुर करतात, पण जुन्यासाठी हा आग्रह सोडू नये. उघडे कवच जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या सपाट ओट्यावर ठेवावे, खोलीत अंधार करावा आणि आत पेटता टॉर्च ठेवावा. कड सपाट असेल तर खालून प्रकाश झिरपत नाही. जिथे फट दिसेल तिथे पान नीट टेकणार नाही आणि कितीही चावी फिरवली तरी ते वाद्य एका स्वरात लागणार नाही. इथे एक सावधगिरी बाळगावी. खालच्या बाजूला, तारांचा पट्टा जिथून आत शिरतो आणि जिथून बाहेर पडतो, त्या दोन समोरासमोरच्या जागी कड मुद्दाम किंचित खोलगट ठेवलेली असते. तिथे प्रकाश दिसणे हा दोष नव्हे. न दिसणे हाच संशयास्पद. त्यानंतर पान कवचावर नुसते ठेवून हलकेच फिरवावे. ते कुठे अडकत असेल, तर कवच गोल राहिलेले नाही, हे समजावे. पडलेल्या, आपटलेल्या वाद्यांत हे हमखास आढळते आणि याला दुरुस्ती नाही.

पुढचा क्रमांक तारांच्या खटक्याचा. स्वस्त स्नेअरमध्ये उत्पादकाने पैसे वाचवले असतील तर ते बहुतेक येथेच. खटका दहा-बारा वेळा वर-खाली करून पाहावा. तो आवाज न करता बसला पाहिजे आणि जोरात वाजवल्यावर आपोआप सैल होता कामा नये. ताण कमी-जास्त करणारा स्क्रू बोटांनी सहज फिरतो का, तेही पाहावे. पान ताणणारे बोल्ट आठ असोत की दहा, त्याने मोठेसे बिघडत नाही. दहा असतील तर स्वर थोडा अधिक बारकाईने लावता येतो. सहाच बोल्ट असलेले वाद्य मात्र टाळावे. प्रत्येक बोल्ट चावीने फिरवून त्याचे आटे झिजलेले नाहीत याची खात्री करावी. पान दाबून धरणारे पत्र्याचे कडे स्वस्त वाद्यांत १.६ मिलिमीटर जाडीचे असते, थोड्या वरच्या श्रेणीत २.३ मिलिमीटरचे. जाड कडे ताण टिकवते आणि कडेवर मारलेल्या फटक्याला धार देते. पर्ल, यामाहा, टामा, मॅपेक्स यांसारख्या कंपन्यांच्या पोलादी स्नेअरमध्ये निवड करताना नाव किंवा मुलाम्याचा रंग पाहण्यापेक्षा हे कडे आणि खटका ताडून पाहिला तर फरक पटकन उमगतो.

हाती असलेली सर्व रक्कम वाद्यावर खर्च करणे ही या खरेदीतील सर्वांत मोठी चूक. कारखान्यातून येणारी पाने बऱ्याचदा कामचलाऊ असतात. म्हणून काही रक्कम दोन नव्या पानांसाठी आणि वीस वेढ्यांच्या चांगल्या तारांच्या पट्ट्यासाठी बाजूला ठेवावी. वरच्या बाजूला पांढरा खरखरीत लेप असलेले, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे एकपदरी पान सर्वसाधारण वादनाला पुरते. खालचे पान त्याच्या एक-तृतीयांशाहूनही पातळ असते आणि ते खास स्नेअरसाठीच बनवलेले हवे. तिथे टॉमचे जाड पान चढवल्याने उत्तम वाद्ये मुकी झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. पाने चढवताना बोल्ट क्रमाने न आवळता समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत आणि प्रत्येक बोल्टजवळ बोटाने टिचकी मारून स्वर जुळवावा. खालचे पान वरच्यापेक्षा घट्ट ठेवावे. तारा मात्र फार आवळू नयेत. नवशिके नेमके तेच करतात आणि आवाज गुदमरला की वाद्याला दोष देतात.

मुंबई, कोकण आणि गोव्यातील वादकांसाठी पोलादाचा एक शत्रू कायम दाराशी उभा असतो, तो म्हणजे खारी, दमट हवा. लाकडाप्रमाणे पोलाद पावसाळ्यात फुगत नाही, त्याचा आकार टिकतो. पण क्रोमचा थर कुठे चरला किंवा ओरखडला असेल तर तिथून गंज आत शिरतो, विशेषतः बोल्टच्या बैठकींखाली, जिथे ओल साचते आणि फडके पोहोचत नाही. जुना स्नेअर घेताना म्हणूनच कवचाच्या आतील बाजूकडे आधी पाहावे. पृष्ठभागावरचे तांबूस ठिपके घासून जातात, पण पत्रा खवल्यांसारखा सुटू लागला असेल तर तो स्नेअर विक्रेत्याकडेच राहू द्यावा. नव्या वाद्याला वादनानंतर घामाचे हात लागलेल्या जागा कोरड्या फडक्याने पुसणे, बोल्टना वर्षातून एकदा तेलाचा थेंब देणे आणि पावसाळ्यात कापडी पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकणे एवढे पुरते. तारांच्या पट्ट्याला मात्र तेल लावू नये. त्या गंजल्या की बदलाव्यात.