कुसुमावती देशपांडे : वऱ्हाडच्या कथाकार आणि प्राध्यापक

अमरावतीत 1904 साली जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे (माहेरच्या जयवंत) यांनी लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली आणि नागपुरात इंग्रजीचे अध्यापन केले. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचे कवी अनिल, म्हणजेच आत्माराम रावजी देशपांडे, यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह 1929 मध्ये झाला; विवाहापूर्वी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुढे ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध झाली. ‘दीपकळी’, ‘दीपदान’ व ‘मोळी’ हे त्यांचे कथासंग्रह असून, ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या समीक्षाग्रंथात, म्हणजे साहित्याचे विवेचन व मूल्यमापन करणाऱ्या लेखनात, त्यांनी मराठी कादंबरीच्या वाटचालीचा चिकित्सक आढावा घेतला. ग्वाल्हेरच्या 1961 च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.