संगणकावर न उघडणारे व्हॉट्सॲप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आंबिया बहाराची तोड सुरू झाली, की वरूडच्या संत्रा-व्यापाराची दप्तरे पहाटेपासूनच गजबजू लागतात. बागेत उतरलेल्या मालाची छायाचित्रे, काट्याची पावती, बिल्टी, दूरच्या पेठेतील अडत्याने कळवलेला भाव, हा जो व्यवहार एके काळी तारेने आणि ट्रंक-कॉलने चालत असे, तो आता व्हॉट्सॲपवर चालतो; आणि कागद छापायचा किंवा हिशेबाची रुजवात घालायची, तर मोबाईलच्या वीतभर पडद्यापेक्षा संगणकाचा पडदा सोयीचा, म्हणून बहुतेक दुकानांत ते संगणकावर उघडलेले असते.

गेल्या हंगामात एका स्नेह्याच्या दुकानात मी बसलो होतो. ट्रक भरून रस्त्याच्या कडेला उभा, चालक कागदांच्या प्रतींसाठी खोळंबलेला, आणि हिशेब पाहणारा तरुण संगणकापुढे हताश होऊन म्हणाला, “काका, हे तं उघडूनच नाही राह्यलं!” पुढल्या पाव तासात तिथे जमलेल्या मंडळींनी तीन उपाय सुचवले : एकाने विंडोज नव्याने टाकण्याचा, दुसऱ्याने मोबाईलमधले ॲप काढून पुन्हा घेण्याचा, आणि तिसऱ्याने इंटरनेटवर सापडेल त्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावण्याचा. तिन्ही सूचना सद्भावनेच्या होत्या, आणि तिन्ही मूळ बिघाडापेक्षा घातक होत्या. अशा प्रसंगी खरे नुकसान बिघाड करत नाही. बिघाडाविषयीच्या गैरसमजातून घाईने केलेले उपाय करतात. म्हणून त्या गैरसमजांचा एकेक करून निरास करणे मला अगत्याचे वाटते.

गैरसमज : संगणकावर उघडले नाही, म्हणजे सगळे संदेश गेले.

वस्तुस्थिती अशी, की संदेशांचे मूळ दप्तर मोबाईलमध्ये असते आणि संगणकावर दिसते ती त्याची जोडप्रत. जानेवारी 2015 मध्ये संगणकावरील व्हॉट्सॲप प्रथम आले, तेव्हा ते मोबाईलच्या पडद्याचे केवळ प्रतिबिंब होते आणि मोबाईल बंद पडताच तेही मालवत असे. 2021 पासून आलेल्या नव्या रचनेत संगणक स्वतंत्रपणे जोडला जातो आणि मोबाईल बंद असला तरी काम चालते. तरीही खात्याचा मुख्य आधार मोबाईलच राहिला आहे. एप्रिल 2016 पासून संदेश पाठवणाऱ्याच्या यंत्रावर कुलूपबंद होऊन घेणाऱ्याच्या यंत्रावरच उघडतात. पोहोचलेला संदेश कंपनीच्या सर्व्हरवर साठवून ठेवला जात नाही, आणि न पोहोचलेला फार तर 30 दिवस तिथे थांबतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. संगणकावरून लॉगआउट केल्याने मोबाईलमधील एक अक्षरही पुसले जात नाही. परंतु बॅकअप न घेता मोबाईलमधले ॲप काढून टाकले, तर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार खरोखरच हातचा जातो.

गैरसमज : एकदा जोडलेला संगणक कायमचा जोडलेला असतो.

या जोडणीला मुदत आहे. मुख्य मोबाईलवर 14 दिवस व्हॉट्सॲप वापरले गेले नाही, तर जोडलेली सर्व यंत्रे आपोआप तुटतात. शिवाय एका खात्याला एका वेळी चारच यंत्रे जोडता येतात. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने अशा संदेश-सेवांना दिलेल्या निर्देशांत तर संगणकावरील जोडणी सहा तासांच्या आत खंडित करून पुन्हा कोडने जोडून घेण्याची अट घातली होती. तेव्हा सकाळी संगणक उघडल्यावर ओळखीच्या संदेशांऐवजी चौकोनी कोड समोर आला, तर तो बिघाड समजू नये. दारावरचा पहारेकरी ओळख विचारतो, तसाच हा प्रकार आहे. मोबाईलमधील ‘लिंक केलेली डिव्हाइस’ हे पान उघडून संगणक पुन्हा जोडला, की काम झाले.

गैरसमज : कोड स्कॅन केला, की खात्यातून पैसे कटतात.

चहाच्या टपरीपासून भाजीच्या गाड्यापर्यंत चौकोनी कोड म्हणजे पैसे देण्याची जागा, असा संस्कार आपल्या मनावर घट्ट बसलेला आहे, आणि म्हणून अनेक वडीलधारी माणसे संगणकावरील कोडापुढे मोबाईल धरायला बिचकतात. हा क्यूआर कोड जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी 1994 मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या अंगी पैशाचा काहीच गुण नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटींत गुंफलेली ती काही अक्षरे आहेत, आणि त्यांचा अर्थ लावणारे ॲप कोणते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. म्हणूनच पैसे पाठवण्याच्या ॲपने किंवा मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्याने हा कोड वाचू पाहणारा माणूस ‘उघडत नाही’ अशी तक्रार करतो. व्हॉट्सॲपच्या आतूनच तो वाचावा लागतो, आणि तोही समोरासमोर, कारण थोड्या थोड्या वेळाने तो बदलतो. भिंग एकदा रुमालाने पुसून घ्यावे. बागेत दिवसभर वापरलेल्या मोबाईलवर धुळीचा आणि संत्र्याच्या सालीतील तेलाचा थर बसलेला असतो.

मात्र याच कोडाची एक धास्ती रास्त आहे. अनोळखी माणसाने दाखवलेला जोडणीचा कोड आपल्या व्हॉट्सॲपने वाचला, तर आपला सगळा पत्रव्यवहार त्याच्या संगणकावर उघडतो.

गैरसमज : इंटरनेट चालू आहे, त्या अर्थी दोष व्हॉट्सॲपचाच.

त्या दिवशी दुकानात इंटरनेट सुरळीत होते, मोबाईल सुरळीत होता. परंतु पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात मी पाहिले, तर संगणकाच्या लेखी अजून 2012 सालचा जानेवारी महिना चालू होता. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ आपल्या ओळखीचा एक मुदतबंद दाखला असतो, आणि संगणक तो दाखला आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच वर्षानुवर्षे मागे पडलेले असेल, तर आजचा वैध दाखला त्याला अजून अंमलात न आलेला दिसतो, आणि तो दार उघडण्याचे नाकारतो.

घड्याळ मागे का पडावे? संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढा, तीन व्होल्टचा एक चपटा सेल असतो. वीज नसताना काळाची आठवण तोच ठेवतो. चार-सहा वर्षांत तो निकामी होतो, आणि मग वीज गेली, की संगणक आपल्या जन्मकाळाच्या तारखेकडे परततो. वीज वारंवार जाणाऱ्या आमच्या भागात हे दुखणे नित्याचे आहे. आम्ही तारीख आणि वेळ दुरुस्त केली, पान पुन्हा उघडले, आणि पाच मिनिटांत बिल्टीची प्रत चालकाच्या हाती पडली. दुसऱ्या दिवशी सेलही बदलला.

गैरसमज : उघडत नाही ना, मग सरळ फॉरमॅट मारा.

फॉरमॅट हा अखेरचा उपाय आहे, आणि या दुखण्यात त्याची गरज क्वचितच भासते. प्रथम हे पाहावे, की बिघाड आपला आहे की साऱ्यांचा. 4 ऑक्टोबर 2021 रोजी रात्री नऊच्या पुढे व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होते, कारण कंपनीच्याच यंत्रणेतील एका चुकीने तिच्याकडे जाणाऱ्या वाटा इंटरनेटवरून नाहीशा झाल्या होत्या. आणि 25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी ते सुमारे दोन तास ठप्प होते. कधी सरकारी हुकुमाने इंटरनेटच स्थगित होते, जसे नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावती शहरात झाले. अशा वेळी धीर धरणे हाच उपाय, आणि संगणकाला हात न लावणे हेच शहाणपण.

इतरांचे चालते आणि आपलेच अडते, तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून त्यात प्रयत्न करावा. तिथे उघडले, तर दोष ब्राउझरमध्ये साठलेल्या जुन्या माहितीचा किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनचा, हे सिद्ध झाले. ते एक्स्टेन्शन बंद करावे, किंवा फक्त व्हॉट्सॲपच्या पानाची साठलेली माहिती पुसून पुन्हा जोडणी करावी. स्वतंत्र ॲप घेतले असेल, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘रिपेअर’ आणि ‘रीसेट’ असे दोन पर्याय असतात. पहिल्याने ॲपची माहिती शाबूत राहते, दुसऱ्याने ती जाते, म्हणून क्रम तोच ठेवावा. नवे ॲप घ्यायचेच, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा व्हॉट्सॲपचे अधिकृत स्थळ सोडून अन्य कुठूनही घेऊ नये. संगणक विंडोज 7 वर चालत असेल, तर त्या प्रणालीसाठी क्रोम ब्राउझरची 109 ही अखेरची आवृत्ती होती आणि 2023 पासून पुढची आलेलीच नाही, हे ध्यानात ठेवावे. तिथे दोष कुणाचाच नाही, यंत्राचे वय झाले आहे.

गैरसमज : फुलीवर दाबून खिडकी बंद केली, की लॉगआउट झाले.

सातबाराची प्रत किंवा एखादा दाखला छापण्यासाठी सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात आपण व्हॉट्सॲप उघडतो, कागद घेतो, खिडकी बंद करतो आणि निघतो. ती जोडणी मात्र तशीच जिवंत राहते, आणि पुढच्या गिऱ्हाइकासमोर आपले घर उघडे पडू शकते. लॉगआउट स्पष्टपणे करावे लागते. आणि विसरलेच, तर घरी येऊन मोबाईलमधील ‘लिंक केलेली डिव्हाइस’च्या यादीतून तो संगणक काढून टाकता येतो.

राहिला ‘कस्टमर केअर’चा सल्ला. शोधात सापडलेल्या अनोळखी क्रमांकावर कुणी सहा अंकी ओटीपी मागितला, तर तो माणूस आपल्या खात्याची किल्लीच मागतो आहे. ती कुणालाही, कोणत्याही सबबीवर देऊ नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विनाविलंब 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

त्या दुकानातल्या तरुणाने नंतर एका पुठ्ठ्यावर पाच ओळी लिहून संगणकाशेजारी टांगल्या : तारीख पाहा, दुसऱ्या कुणाचे चालते का विचारा, मोबाईलमधली यादी पाहा, खासगी खिडकीत उघडा, मग मला हाक मारा. मृगाचा माल निघाला तेव्हा मी पुन्हा तिथे गेलो होतो. पुठ्ठा तसाच होता, फक्त सर्वांत खाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात सहावी ओळ वाढलेली होती : मोबाईलमधले ॲप काढू नका.