डोळे ठीक, तरी पायरी दिसत नाही

दिवाडीहून फेरीबोट नार्वेच्या धक्क्याला लागते तेव्हा सगळंच एकदम हलू लागतं. स्कूटरी सुरू होतात, माणसं पुढं रेटतात, बाजूला पाणी चमकत असतं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेल्या सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला निघालेल्यांत सेरेब्रल पाल्सी असलेला कुणी प्रौढ असला, तर त्याला पायांत बळ नाही म्हणून आधार लागतो, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा अडचण बघण्यातही असते. तपासणीत नजर ६/६ निघते आणि तरी उतार कुठं सुरू झाला, कुठली स्कूटर आपल्यावर येते आहे, हे त्याला वेळेवर कळत नाही.

याचं कारण मेंदूत आहे. डोळा चित्र टिपतो. त्याचा अर्थ मेंदू लावतो. दिवस भरण्याआधी, विशेषतः २४ ते ३४ आठवड्यांत, जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतल्या पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या भागाला इजा होण्याचा धोका असतो. पाय चालवणारे तंतू तिथूनच जातात आणि दृष्टीचे तंतूही तिथूनच. त्यातही नजरेच्या खालच्या भागाच्या तंतूंना जास्त इजा होते. म्हणून समोरचं झाड स्पष्ट दिसतं, पण पायाखालची पायरी सुटते. चिऱ्याच्या पायऱ्या एकाच तांबूस रंगाच्या. कड कुठली आणि नुसता सांधा कुठला, हे पाय चाचपूनच ठरवावं लागतं.

दुसरी अडचण गर्दीची. एक वांगं समोर धरलं तर ओळखता येतं, पण डिचोलीच्या बाजारात भाजीच्या ढिगांतून तेच शोधायचं म्हटलं की सापडत नाही. गर्दीत सख्खा भाऊ हरवतो. दाटीनं छापलेल्या पानावर ओळी एकमेकींत शिरतात. थकवा आला की हे सगळं वाढतं; सकाळी जमलेलं संध्याकाळी जमत नाही, आणि घरचे म्हणतात, "मुद्दाम करतोस." हा आरोप मला फार क्रूर वाटतो. जन्मापासून असंच दिसत आलेल्या माणसाला इतरांना वेगळं दिसतं हे कळणार तरी कसं? तो तक्रारच करत नाही. चाळिशी गाठेपर्यंत स्वतःला वेंधळा समजत राहतो.

आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सेरेब्रल पाल्सीची व्याख्या करताना हालचाल आणि स्नायूंचा ताळमेळ एवढंच सांगतो. अल्पदृष्टी तो मोजतो ती तक्त्यावरच्या अक्षरांनी आणि नजरेच्या कक्षेच्या अंशांनी. मेंदूला अर्थ न लागणं दोन्हींत बसत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेरेब्रल पाल्सीच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत मात्र संवेदना आणि आकलनाच्या अडचणींचा स्पष्ट उल्लेख आहे.

ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ गॉर्डन डटन यांनी अशा रुग्णांसाठी रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांवर भर दिला. जिना उतरताना पाय चाचपता का? भरलेल्या कपाटातून सदरा सापडतो का? गोंगाटात बघणं आणखी कठीण होतं का? हे विचारायला यंत्र लागत नाही. उत्तरं मिळाली की उपायही हाताशी असतात: पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, ताटाखाली एकरंगी कापड, वाचताना एकच ओळ दिसेल अशी खाच पाडलेला पुठ्ठा, बाजाराला गर्दी होण्याआधीची वेळ. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी समोर आलेल्या प्रत्येक प्रौढाला वैद्यकीय मंडळानं हात-पाय तपासतानाच हे प्रश्नही विचारायला हवेत, आणि उत्तरं कागदावर लिहून त्याच्या हाती द्यायला हवीत.