हाताने दोन फेरे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धाकट्या भावाच्या टॅक्सीने सकाळी सकाळी आवाज करायला सुरुवात केली. स्टार्टर मारला की इंजिनाच्या एका बाजूने दोन-तीन सेकंद खडखड, जणू कोणी डब्यात खिळे हलवतंय. मग शांत. घरात कोणी मनावर घेतलं नाही. कर्जत स्टेशनवरून पाहुणे फार्म हाऊसवर पोहोचत होते, गाडीचा हप्ता वेळेवर जात होता. पंधरा दिवसांत मात्र तो आवाज थांबेनासा झाला.

खोपोलीच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. टायमिंग चेन गेली, सामान-मजुरी मिळून १४ हजार, आणि गाडी चार दिवस इथेच, असं उत्तर मिळालं. चार दिवस भाडं नाही आणि वर १४ हजार! भाऊ लग्नाआधी तीन वर्षं गॅरेजमध्ये हेल्पर होता. तो म्हणाला, "सामान आणू, घरीच करू." अब्बा एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मोतीबिंदूमुळे आता बारीक दिसत नाही, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. आम्ही पडलो शिक्षक. आमच्या वाट्याला वही आणि मोबाईलवर फोटो काढण्याचं काम आलं.

ही चेन करते काय? इंजिनात खाली पिस्टनच्या जोरावर क्रँक फिरतो आणि वर कॅम फिरून वॉल्व्ह उघडतो-मिटतो. दोघांना एका तालात बांधते ती टायमिंग चेन. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर कॅम १५००, म्हणजे सेकंदाला २५. आपली कर्जत-खोपोली लाइन एकेरी आहे. समोरची गाडी पोहोचल्याशिवाय इकडची सोडत नाहीत. सिलिंडरमधली वरची जागाही बऱ्याच इंजिनांत तशीच असते. वॉल्व्ह मागे सरल्यावरच पिस्टनने तिथे यायचं. चेन तुटली किंवा बरेच दात चुकले की दोघांची टक्कर होते, वॉल्व्ह वाकतात आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

जुन्या मारुती ८०० ला चेनऐवजी रबरी पट्टा होता. तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागे. २०१० मध्ये आलेल्या अल्टो के-१० ला चेन आहे. चेन तेलात चालते, पुष्कळ टिकते, म्हणून तिला काहीच करावं लागत नाही असा समज पसरला. खरं तर कड्यांच्या पिना झिजत जातात आणि चेन लांबते. तिला ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल जुनं, काळं किंवा कमी झालं की आधी फटका बसतो तो या दोघांना. आमच्या गाडीच्या पुस्तकात तेल बदलण्यासाठी १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं. आम्ही दोनदा चालढकल केली होती. दोष दुसऱ्या कोणाला देण्याची सोय नव्हती.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर काम सुरू झालं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता लोखंडी स्टँडवर घेतली. जुनं तेल कॅनमध्ये काढलं. ते गटारात ओतलं तर जातं उल्हास नदीतच, म्हणून नंतर भंगारवाल्याकडे दिलं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार दिला, मगच एका बाजूचं फाउंडेशन सोडलं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे होते. वहिनींनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा दिला. त्यावर आम्ही कव्हरचं चित्र काढलं आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवला. सगळ्या कामात आमची खरी मदत झाली ती एवढीच.

शनिवारी मगरिबच्या सुमारास नवी चेन बसली. चेनच्या रंगीत कड्या चाकांवरच्या खुणांशी जुळल्या. भावाने टेन्शनरची पिन काढली आणि कव्हरला लावायचं सिलिकॉन हातात घेतलं.

"आधी हाताने दोन फेरे दे," अब्बा म्हणाले.

"अब्बा, खुणा तीनदा बघितल्यात. आत्ता कव्हर लागलं तर रात्रभरात सिलिकॉन सुकेल. सकाळी सातला स्टेशनवर पार्टी आहे."

"पार्टीला फोन कर. फेरे दे."

अंगणात कोणी बोललं नाही. मग भावाने क्रँकच्या बोल्टला पाना लावला आणि इंजिन फिरतं त्या दिशेने सावकाश दोन फेरे दिले. रंगीत कड्या पुढे सरकल्या. ते ठीकच, दोन फेऱ्यांत त्या परत जागेवर येत नाहीत. पण चाकांवरच्या खुणा यायला हव्या होत्या. कॅमच्या एका चाकाची खूण एका दाताने मागे होती. चेन बसवताना तिचा ढिला भाग टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला राहून गेला होता. पिन निघताच तो खेचला गेला आणि दात सुटला.

एका दाताने कदाचित टक्कर झाली नसती. पण गाडी अडखळत चालली असती आणि सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं. भावाने पार्टीला फोन केला, दुसऱ्या टॅक्सीवाल्याचा नंबर दिला आणि बल्बच्या उजेडात पुन्हा चेन काढली. या वेळी दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा जागेवर आल्या. अब्बांनी बोट फिरवून त्या चाचपून पाहिल्या. रविवारी कव्हर लागलं, सोमवारी गाडी सुरू झाली. पहिल्या क्षणी टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंत किंचित टकटक झाली, मग काही नाही.

चेनचा सेट, तेल, फिल्टर, पॅकिंग मिळून साडेसहा हजार लागले. रविवारची भाडी गेली, ती वेगळी. घरात हे काम केलेलं कोणी नसेल तर गॅरेजचे १४ हजार महाग म्हणू नयेत. त्यात वर्षांचा अनुभव मोजलेला असतो. मात्र थंड इंजिनाची खडखड ऐकणं आणि वेळेवर तेल बदलणं कोणालाही जमतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ईदच्या तारखांबरोबर आता तेल बदलायची तारीखही लाल पेनाने लिहिलेली असते.