मूर्ती लहान ‘पण’ की ‘म्हणून’?

१९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो वजनगटात तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूने क्लीन अँड जर्कमध्ये १९० किलो वजन डोक्यावर पेललं. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त! त्याची उंची होती जेमतेम १४७ सेंटिमीटर. टोकियोत ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवणारी आपली मीराबाई चानूही दीड मीटरच्या आसपासचीच. अशा वेळी आपल्या तोंडी हटकून येतं, ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’. मात्र या म्हणीतला ‘पण’ वेटलिफ्टिंगला लागू पडत नाही. इथली कीर्ती मूर्ती लहान असूनही मिळालेली नसते. बऱ्याच अंशी ती लहान असल्यामुळेच मिळते. आणि हा फायदा निसर्गाने जितका दिला आहे, तितकाच वजनगटांच्या नियमाने दिला आहे.

दोरखंड किती भार पेलेल हे त्याच्या जाडीवरून ठरतं, लांबीवरून नाही. स्नायूचंही तसंच आहे. त्याचा जोर त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. अगदी एकाच ठेवणीची दोन माणसं घेऊ, एक १५० सेंटिमीटर उंचीचा, दुसरा १८०. उंची १.२ पट झाली की स्नायूचा छेद १.४४ पट होतो, वजन मात्र १.७३ पट. म्हणजे उंच माणूस जास्त ताकदवान खराच, पण त्याचं वजन ताकदीपेक्षा वेगाने वाढलेलं असतं. एम. एच. लिट्झके यांनी १९५६ साली वेटलिफ्टिंगच्या विक्रमांची शरीराच्या वजनाशी सांगड घालून पाहिली, तेव्हा आकडे याच भूमितीच्या जवळपास आले. आता या दोघांना एकाच वजनगटात बसवा. तेवढंच मांस उंच माणसाला लांब सांगाड्यावर ताणून बसवावं लागेल आणि प्रत्येक स्नायूचा छेद सुमारे एक षष्ठांशाने कमी भरेल.

त्यात भर अंतराची. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. उचलणारा बुटका असो वा उंच, बार तिथेच. उंच माणसाला त्यासाठी जास्त वाकावं लागतं आणि शेवटी हात सरळ करून उभं राहताना तेच वजन जास्त वर न्यावं लागतं. वजन एका दमात डोक्यावर नेण्याच्या स्नॅच प्रकारात बारवरची पकड रुंद ठेवून हे अंतर थोडं कमी करता येतं, पण थोडंच.

हातापायांच्या प्रमाणाचा हिशेब मात्र उंचीपेक्षा वेगळा आहे. मांडी धडाच्या मानाने लांब असेल, तर खांद्यांवर बार घेऊन स्क्वॉटमध्ये खाली बसताना कंबर जास्त मागे जाते. तोल जाऊ नये म्हणून बार तळपायाच्या मध्यावरच ठेवावा लागतो. मग धड पुढे झुकतं आणि बराच ताण कंबरेवर येतो. लांब हात डोक्यावर वजन नेताना महागात पडतात, पण जमिनीवरचा बार उचलून नुसतं उभं राहायचं असतं त्या डेडलिफ्टमध्ये तेच वरदान ठरतात, कारण फारसं न वाकता बार हाती येतो. अमेरिकेचा पॉवरलिफ्टर लामार गँट याचे हात धडाच्या मानाने खूपच लांब होते. १९८५ साली त्याने स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट केली. थोडक्यात, शरीराची ठेवण मुळात चांगली किंवा वाईट नसते. कोणत्या प्रकारात उतरता, त्यावर ते ठरतं.

यावर कुणी विचारेल, मग जगातलं सर्वांत जास्त वजन धिप्पाड माणसं कशी उचलतात? जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेची उंची १९७ सेंटिमीटर, आणि २०२१ साली ताश्कंदला त्याने एकूण ४९२ किलो उचलले. उत्तर नियमातच आहे. त्याच्या गटाला वजनाची वरची मर्यादाच नाही, त्यामुळे लांब सांगाड्यावर हवं तेवढं मांस चढवता येतं. तरीही त्याचं २६७ किलोचं क्लीन अँड जर्क त्याच्या वजनाच्या दीडपटीच्याच घरात होतं. वजनगट काढून टाका, बुटकेपणाचा फायदा त्याच दिवशी संपेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सगळं हाडांच्या मापावरच ठरत असेल, तर मेहनतीला अर्थ काय? पण अव्वल स्पर्धेपर्यंत पोचता पोचता एका गटातले खेळाडू बांध्याने सारखेच होऊन गेलेले असतात. तिथे भूमिती कुणा एकाच्या बाजूने उरत नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलले आणि सुवर्ण २४९ किलोंवर गेलं. हा एक किलो मांडीच्या लांबीने ठरवला नाही. ऐन स्पर्धेत संकेतचं कोपर दुखावलं होतं. भूमिती फार तर कुठल्या गटात उतरायचं ते सांगते, पुढचं सराव, तंत्र आणि तो दिवस ठरवतो. आणि ठेवण हा काही दोष नव्हे, म्हणूनच जिममध्ये लांब मांड्यांचा पोरगा स्क्वॉटला पुढे झुकला, की त्याला आळशी ठरवण्याची घाई नको. पाय जरा फाकवून उभं राहायला आणि टाच जरा उंच असलेले वेटलिफ्टिंगचे बूट घालायला सांगावं. पुष्कळदा तेवढ्याने धड सरळ होतं.