सुरांतील जीवाश्म

कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसा झालेला प्राणी कसा ओरडत असेल, हे कोणाही माणसाने ऐकलेले नाही. त्याची हाडे सापडतात, दात सापडतात, क्वचित अंडीही सापडतात. आवाज मात्र दगडात उमटत नाही. मग शब्दांवाचून, केवळ वाद्यांच्या साहाय्याने अशा प्राण्याचे चित्र उभे करावयाचे, तर रचनाकाराने काय करावे? प्राचीन प्राण्यांच्या कल्पनेभोवती निरनिराळ्या धाटणीचे संगीत गुंफलेल्या वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका अलीकडे पाश्चात्य देशांत निघतात. त्यांचा एक पूर्वज अवघ्या सव्वा-दीड मिनिटाचा आहे. हा प्रश्न त्याने ज्या चतुराईने सोडविला, तितक्या चतुराईने तो नंतर क्वचितच सुटला असेल, असे मला वाटते.

फ्रेंच रचनाकार कामीय सँ-साँस हे १८८६ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियातील एका लहान गावी विश्रांतीसाठी राहिले होते. वय पन्नास. जर्मनीचा दौरा फसलेला. हाती तिसऱ्या सिंफनीचे मोठे काम होते. पण ते बाजूला ठेवून त्यांनी मित्रांच्या करमणुकीसाठी चौदा छोट्या तुकड्यांची एक माला लिहिली आणि तिला ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ असे नाव दिले. कार्निव्हल म्हणजे काय, हे गोव्याच्या श्रोत्यांना सांगावयास नको. भस्म बुधवारी आमचा उपवासकाळ सुरू होतो. त्याच्या आधीचे मोकळेपणाचे दिवस म्हणजे इंत्रूज. त्या दिवसांत भल्या माणसानेही मुखवटा चढवावा, थोडा वात्रटपणा करावा आणि बुधवारी पुन्हा गंभीर व्हावे, अशी रीत. ही माला प्रथम वाजविली गेली तीही नेमकी त्याच मंगळवारी, ९ मार्च १८८६ रोजी, चेलोवादक शार्ल लबूक यांच्या खासगी मैफलीत.

या मिरवणुकीत सिंह आहे, कोंबड्या आहेत. ओफेनबाखच्या नाटकातला सुसाट कान-कान नाच कासवे इतक्या संथपणे करतात की, तो ओळखता ओळखता हसू येते. हवेत तरंगणाऱ्या पऱ्यांसाठी बर्लिओझने लिहिलेली धून हत्ती डबल बेसच्या खर्जात घोळवितो. सरावाच्या सरगमा घोटणारे पियानोवादक हेही प्राण्यांतच मोजले आहेत! आणि बाराव्या क्रमांकाचा तुकडा आहे ‘जीवाश्म’.

येथे डरकाळी नाही, जंगल नाही, महाकाय पावलांचा धडधडाटही नाही. जीवाश्म म्हणजे काय, एवढाच प्रश्न रचनाकाराने स्वतःला विचारला असावा. जीव निघून गेला आहे, आकार तेवढा राहिला आहे, अशी वस्तू. संगीतात अशी वस्तू कोणती? वापरून वापरून जिच्यातला प्राण गेला, पण जिचा आकार मात्र सर्वांना पाठ आहे, अशी चाल.

म्हणून त्यांनी चालींचे उत्खनन केले. आपल्या मुलांना ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणून ठाऊक असलेली जुनी फ्रेंच चाल त्यात आहे; ‘चंद्रप्रकाशात’ या अर्थाच्या शब्दांनी सुरू होणारे बालगीत आहे; तंबाखूचे एक गमतीदार गाणे आहे. रोसिनीच्या १८१६ सालच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या संगीतिकेतील नायिकेचे पद क्लॅरिओनेटवर डोकावून जाते. सर्वांत खोचक थट्टा मला सीरियाला निघालेल्या तरुण वीराच्या गाण्यात दिसते. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत ते जवळजवळ राष्ट्रगीताच्या मानाने वाजत असे. ती राजवट १८७० मध्ये कोसळली. सोळाच वर्षांत ते गाणे हाडांच्या पेटीत जाऊन पडले! पाळण्यातले गीत, रंगभूमीवरचे पद आणि दरबारी कवन अशी सर्व गोत्रे एकाच पंक्तीला बसविली आहेत, आणि हसू येते ते त्यामुळेच.

ही हाडे वाजतात कशाने? काष्ठतरंगाने. आपल्या वाद्यवृंदातून हे वाद्य श्रोत्यांनी ऐकले असेल. लाकडी पट्ट्यांवर दांड्या पडल्या की कोरडा, क्षणात विझणारा नाद उठतो. तो मांसहीन वाटतो, याहून चांगला शब्द मला सुचत नाही. सँ-साँस यांनी १८७४ मध्ये लिहिलेल्या ‘मृत्यूचे नृत्य’ या रचनेत मध्यरात्री सांगाडे नाचतात, त्यांची हाडे याच वाद्याने वाजविली होती. ‘जीवाश्मा’ची सुरुवात त्याच चालीने होते. फरक इतकाच, की मूळची तीन मात्रांची लय येथे दोन मात्रांची केली आहे. दादऱ्यातली चीज उचलून केरव्यात घालावी तशी. म्हणजे पहिला जीवाश्म रचनाकाराचा स्वतःचा, अवघ्या बारा वर्षांपूर्वीचा! दुसऱ्याला हसण्यापूर्वी त्यांनी स्वतःला खड्ड्यातून बाहेर काढून मांडले.

मी शिक्षक असल्यामुळे हा भाग मला जरा टोचतो. एखादी कविता वीस वर्षे त्याच हेलात म्हणवून घेतली, की ती मुलांना पाठ असते आणि कोणालाच ऐकू येत नाही.

असो. थट्टा करणे निराळे आणि ती छापणे निराळे. गंभीर रचनाकार म्हणून मिळालेल्या मानाला धक्का बसेल, या भीतीने सँ-साँस यांनी ही माला हयातीत प्रसिद्ध होऊ दिली नाही. अपवाद केवळ ‘हंस’ या एका तुकड्याचा. ते १९२१ च्या डिसेंबरात वारले आणि १९२२ मध्ये माला प्रसिद्ध झाली. आज त्यांचे नाव सर्वाधिक कानांपर्यंत पोहोचते ते या लपविलेल्या वात्रटपणामुळेच.

याच प्रश्नाला वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या १९४० सालच्या चित्रपटाने अगदी निराळे उत्तर दिले. स्त्राविन्स्कीचे ‘वसंताचे अनुष्ठान’ हे १९१३ सालचे नृत्यसंगीत प्राचीन रशियातील बळीच्या विधीविषयी आहे. डिस्नेने त्यातील खंड मागेपुढे केले आणि त्यावर पृथ्वीच्या जन्मापासून डायनोसॉरांच्या अंतापर्यंतची कथा चढविली. रचनाकार पुढे त्यावर नाराजच राहिले. चित्रे आजही अंगावर येतात. पण त्यात टायरॅनोसॉर स्टेगोसॉरशी झुंजतो, आणि या दोघांमध्ये सुमारे आठ कोटी वर्षांचे अंतर होते. टायरॅनोसॉर आपल्याला त्याहून जवळचा! शेवटी ते प्राणी दुष्काळात तडफडत मरतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ आदळलेली अशनी हे त्या संहाराचे प्रमुख कारण आज मानले जाते. आणि ज्या लाव्हाने आपला सह्याद्रीचा काळा पाषाण घडविला, तो त्याच सुमारास वाहत होता.

प्रत्यक्ष आवाजाचाही शोध झाला आहे. पॅरासॉरोलोफस या प्राण्याच्या डोक्यावर पोकळ नळ्यांचा लांब तुरा असे. अशा एका कवटीच्या आतील नळ्या क्ष-किरणांनी न्याहाळून अमेरिकेत १९९७ मध्ये संगणकावर त्याचा नाद घडविण्यात आला. तो खोल, घुमणारा आहे. पण कंठाचे मांस उरलेले नसल्याने तोही अखेर अंदाजच.

मध्यंतरी मी ‘जीवाश्म’ वर्गात, नाव न सांगता ऐकविले. ‘ट्विंकल’ची चाल आली तशी सारी मुले खदखदून हसली. रोसिनीची नायिका येऊन गेली, नेपोलियनचा वीरही येऊन गेला. कोणाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पॅरिसच्या त्या मैफलीत बहुधा त्याच जागी हशा उसळला असेल. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, “सर, कोणीतरी लाकडी जिन्यावरून पळत गेल्यासारखं वाटलं.” मग त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले.