स्टेअरिंग थरथरतंय? थरथर कधी होते ते आधी बघा

देहूरोडहून किवळ्याला आलं की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. गावात 40-50 च्या वेगाने गुमान चालणारी गाडी इथे 80 च्या पुढे गेली, की तिचं दुखणं बाहेर येतं. आमचंही तसंच झालं. पनवेलला एका निकाहसाठी निघालो होतो, उर्से टोलनाका येण्याआधीच स्टेअरिंग हातात थरथरू लागलं. मागच्या सीटवर अम्मी आणि मुलं, पुढे बोरघाट. वेग 60 वर आणला, थरथर बरीच कमी झाली आणि आम्ही तसेच पुढे गेलो. तिथेच आम्ही चुकलो.

परत आल्यावर एका गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं, "अलाइनमेंट गेलंय." पैसे दिले, थरथर तशीच राहिली.

इथे बहुतेकांची गल्लत होते. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं. थरथर मात्र सहसा बॅलन्सिंगची असते. म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही. वर्गात आम्ही हे पंख्यावरून समजावतो: पातं वाकलं की पंखा हळू फिरताना काही कळत नाही, पाचवर टाकला की डोलायला लागतो. लहान गाडीचं चाक 100 च्या वेगात सेकंदाला साधारण 15 फेरे घेतं. रिमच्या कडेवरचं 50 ग्रॅमचं शिसं निखळलं, तर त्या वेगात चाकाला जवळपास 8 किलोचा हिसका बसतो, तोही प्रत्येक फेऱ्यात. 50 च्या वेगात तोच हिसका 2 किलोवर येतो. म्हणून गावात कळत नाही. पावसाळ्यात तळेगाव-चाकण रस्त्याने रोज कंपनीत जाणाऱ्यांच्या रिममध्ये आतून चिखल वाळून बसतो, त्यानेही हेच होतं. तेव्हा आधी रिम आतून धुवा. नाही गेलं तर चारही चाकांचं बॅलन्सिंग करा, काहीशे रुपयांत होतं.

आमचं दुखणं वेगळंच निघालं. टायरच्या दुकानातल्या बुजुर्ग उस्तादांनी चाक खोलून उलटं केलं आणि आतल्या बाजूला बोट ठेवलं. लिंबाएवढा फुगा! खड्ड्यात आदळून टायरच्या आतले धागे तुटले की हवा तिथे रबर बाहेर ढकलते. उभ्या गाडीत बाहेरून बघून तो दिसत नाही. असा टायर दुरुस्त होत नाही, पॅच चालत नाही, बदलावाच लागतो. तो घाटात फुटला असता तर, हा विचार आजही झोप उडवतो. म्हणून थरथर अचानक सुरू झाली किंवा वाढत गेली, तर "पोहोचू कसंबसं" म्हणू नका. वेग कमी करा, सुरक्षित जागी, शक्यतो टोलनाक्यावर किंवा फूड मॉलला थांबा आणि चारही टायर हाताने चाचपा, आतली बाजूसुद्धा. आधी टायर गरम आहे का ते बघा, बोटं भाजतात.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर टायरवाल्याकडे जाऊ नका. पुढच्या ब्रेक डिस्कची जाडी कमी-जास्त झाली असेल. लेथवर घासून घेता येते, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली नाही. अॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर आणि सोडल्यावर बंद, तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉईंट बघायला सांगा. स्टेअरिंग शांत पण सीट हलते? मग बहुधा मागची चाकं. आणि गाडी उभी असतानाच थरथरत असेल, तर चाकांना दोष देऊ नका, इंजिनचं माउंटिंग तपासा.

बॅलन्सिंग होऊनही फरक नसेल, तर चाक जॅकवर उचलून घ्या. दोन्ही बाजूंना धरून हलवल्यावर खेळतंय, तर टाय रॉडचं टोक झिजलेलं असू शकतं. वर-खाली धरल्यावर खेळतंय, तर बॉल जॉईंट किंवा बेअरिंग. हे तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा, लाजू नका. रिम वाकलाय का, हे बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरतानाच दिसतं.

आणखी एक. पंक्चर काढल्यावर चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे असतात, आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा. पंक्चर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी थरथर सुरू झाली, तर सगळ्यात आधी नटच बघा.